दूध डेअरीपुढची चढाई

आमचा म्हातारा मिठाला शिट्टी म्हणतो. जेवताना "शिट्टी दे" म्हणाला की मी मीठ देते. चपलेला तो पट्टी म्हणतो. मला बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही, फार झालं तर "ओ बाई". सुरुवातीला मी चिडायचे. मग लक्षात आलं की शिट्टी मागितली तरी त्याला हवं असतं ते मीठच. काम अडत नाही. आता मी स्वतःच कधीकधी दुकानात शिट्टी मागते आणि दुकानदार गप मिठाची पुडी काढून देतो.

तरुणपणी म्हातारा कबड्डी खेळायचा. गावच्या मंडळाचा डावा कोपरा. आमच्या जामखेडच्या बाजूला पाऊस कमी, गवत त्याहून कमी, त्यामुळे मैदान म्हणजे नुसता मुरूम. पाणी मारून वरून रोलर फिरवला की ओट्यासारखा टणक व्हायचा. समोरून गडी "कबड्डी, कबड्डी" करत चढाईला आला की हा खाली झोकून द्यायचा आणि त्याचा घोटा धरायचा. धरला की सोडायचा नाही. पण ज्याचा घोटा धरला त्याला दुसरा पायही असतो, आणि तो पाय रिकामा असतो. त्या पायाची टाच कुठं बसणार? ह्याच्या कानशिलात.

त्या काळी रक्त आलं तरच लागलं म्हणायचे. रक्त न येता डोळे फिरले तर "जरा गरगरलं". मग एक जण कांदा फोडून नाकाला लावायचा, दुसरा तांब्याभर पाणी डोक्यावर ओतायचा आणि तिसरा विचारायचा, "काय गडी, खेळतो का?" हा हो म्हणायचा. हो म्हणायला फार शुद्ध लागत नाही. नाही म्हणायला जास्त लागते, तेवढी त्याला मैदानावर कधी आलीच नाही. मी कडेला बायकांत बसून हे बघायचे आणि मला फक्त कांद्याची काळजी वाटायची, कारण कांदे आमच्याच घरून जायचे.

एकदा फायनल जिंकून ढाल घेऊन घरी निघाला तो शेजारच्यांच्या घरात शिरला. तिथं हातपाय धुतले, पिठलं-भाकरी खाल्ली, शेजारणीला म्हणाला, "आज पिठलं बिघडलंय," आणि त्यांच्याच बाजेवर झोपला. ढाल उशाला. सगळं गाव पोट धरून हसलं. मीही हसले. शेजारीण तेवढी हसली नाही, पिठल्यावरून ती माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. त्या दिवशी ह्याच्या डोक्याला टाच बसली होती आणि घर कुठलं ते त्याला खरोखरच कळत नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. गमत्या माणूस आहे, एवढंच सगळे म्हणाले.

मग वय झालं, खेळ सुटला. काही वर्षं बरी गेली. हळूहळू एकेक शब्द जायला लागला. बोलता बोलता थांबायचा आणि हवेत हात फिरवायचा, जसा काही शब्द तिथंच दोरीवर वाळत घातलाय. एकच गोष्ट चारदा विचारायचा. चौथ्यांदा उत्तर दिलं की म्हणायचा, "मग आधी का न्हाई सांगितलं?" पोरानं नगरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बरा माणूस होता, घाई न करणारा. डोक्याचे फोटो काढले. मग मला विचारलं, "खेळताना यांच्या डोक्याला कधी मार लागला होता का?"

मी म्हणाले, "डॉक्टर, कधी लागला न्हाई ते इचारा, लवकर सांगून हुईल."

त्यांनी समजावून सांगितलं. एखादा मोठा मार लागतो तेव्हा माणसं धावपळ करतात. पण बारीक बारीक मार पुन्हा पुन्हा बसला, तर प्रत्येक वेळी आतला मेंदू हिंदकळतो आणि त्याचा हिशोब पुढं म्हातारपणी निघू शकतो. बोलणं अडतं, आठवण जाते, कधी राग येतो. गोळ्या दिल्या, पण गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही, असंही सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मेंदूचं मला कळत नाही. विरजणाचं कळतं. विरजण लावलेलं गाडगं सारखं हलवलं की दही धड लागत नाही, पाणी सुटतं. ह्याचं गाडगं लोकांनी लाथांनी हलवलं होतं.

सगळं गेलं, पण कबड्डी गेली नाही. आमच्या घराचा उंबरा म्हणजे त्याची मधली रेषा. कुणी पाहुणा आला की हा उंबरा ओलांडून अंगणात जायचा, तोंडानं "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" चालू, पाहुण्याला शिवायचा आणि पळत माघारी घरात. मग आतून ओरडायचा, "बाद!" जवळच्या माणसांना सवय झाली होती, ते "बरं, बाद" म्हणून चहाला बसायचे. नव्या माणसाची पंचाईत व्हायची. बँकेच्या साहेबाला शिवला तेव्हा तो साहेब आपल्या शर्टाला काय लागलं ते बघत बसला.

हेही चाललं असतं. पण म्हातारा हरवायला लागला. मॅच आहे असं त्याच्या मनात आलं की टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि निघायचा. एकदा जामखेडच्या स्टँडवर उभ्या एसटीत जाऊन बसला होता. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं बाबा?" तर म्हणाला, "फायनलला." दुसऱ्यांदा तर दिवस मावळल्यावर ओढ्याच्या पुलापाशी सापडला. त्या वेळी पोरगा पुण्याहून रातोरात आला. म्हाताऱ्याला बघून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच माझ्यावर डाफरला.

"आई, आता अजून एकदा जरी तात्या हरवले ना, तर विषय संपला. तुम्ही दोघं पुण्याला. मी ऐकणार नाही."

"आन हितली शेरडं?"

"विकू."

"आन मी?"

"आई, तुला कोण विकतंय? तुला घेऊन चाललोय."

पोरगा वाईट नाही. काळजीनं बोलत होता. पण पुण्याचा फ्लॅट मी बघून आले होते. महिनाभर राहिलो होतो आम्ही. तिथं लिफ्टचं दार म्हणजे ह्याची मधली रेषा झाली. खाली सोसायटीची मीटिंग भरली होती, तिथं लिफ्टमधून "कबड्डी, कबड्डी" करत गेला, सेक्रेटरीबाईंच्या खांद्याला शिवला आणि माघारी लिफ्टमध्ये. लिफ्ट तोवर वर गेलेली. हा बंद दाराला डोकं लावून उभा, दम तुटू नये म्हणून बारीक आवाजात "कबड्डी, कबड्डी" चालूच. चेहरा लालभडक. त्या बाईंनी पोलिसांना फोन करते म्हटल्यावर सुनेनं हातापाया पडून मिटवलं. त्यानंतर पोरानं फ्लॅटच्या दाराला आतून कुलूप लावलं. म्हातारा दिवसभर दारापुढं बसून राहायचा आणि मला विचारायचा, "ओ बाई, मैदान कुठंय?" मला त्या घरात पुन्हा जायचं नव्हतं, आणि ह्याला तर मुळीच न्यायचं नव्हतं. म्हणून मी फाटकाला कडी बसवली, कडीला तार गुंडाळली आणि म्हाताऱ्यावर नजर ठेवून राहिले.

त्या दिवशी पोरगा येणार होता. त्याला हुलग्याची शेंगोळी आवडतात म्हणून सकाळीच पीठ मळायला घेतलं. लसूण-मिरची वाटून पिठात घातली, दोन्ही हात भरलेले. म्हातारा ओट्यावर बसून कोंबडीला काहीतरी समजावून सांगत होता. शेंगोळी वळून होईपर्यंत मी वर बघितलं नाही. बघितलं तेव्हा ओट्यावर कोंबडी होती. तार सोडवून नीट गुंडाळून फाटकावर ठेवलेली. पँटच्या बटणांशी अर्धा तास झुंजणारा माणूस, तार मात्र सोडवतो.

हात पुसून निघाले. शाळेच्या मैदानावर बघितलं, नाही. पारावर नाही. चहावाल्याकडं नाही. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"आई, नगर सोडलं. तासाभरात पोचतो. तात्या काय करतायत?"

"आंगूळ करत्यात."

"बरं. फाटक लावलंय ना?"

"लावलंय तर. तार हाय त्याला." तार होतीच.

एसटीच्या थांब्यावर गेले. तिथं एक बाई बसली होती, ती म्हणाली एसटी अजून आलीच नाही. म्हणजे जामखेडला गेलेला नाही. जरा बरं वाटलं. पुन्हा फोन.

"आई, रस्ता मोकळाय, लवकरच येतो. झाली का तात्यांची अंघोळ?"

"न्हाई, चालूच हाय."

"अजून?"

"पाठ घासतीय मी. लई मळ हाय."

"आई, तुझ्या मागं मोटरसायकलचा आवाज येतोय."

"मोरीच्या मागनं गेली," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

ती मोटरसायकल दूधवाल्याची होती. तो थांबून म्हणाला, "काकू, तात्यांना बघताय व्हय? डेअरीपुढं बसल्यात. उठंनात."

"उठंनात म्हंजी? पडले का काय?"

"न्हाई वो. बाद झाल्यात."

त्याच्यामागं बसून मी डेअरीवर गेले. डेअरीपुढं सिमेंटचा कोबा आहे. दुधाचे कॅन एका ओळीत लागावेत म्हणून त्यावर पांढरी पट्टी मारलेली आहे. सकाळचं दूध घालायला माणसं आली होती, दूध घालून झालं तरी कुणी घरी गेलं नव्हतं. गर्दीच्या मधोमध, पट्टीच्या कडेला, उन्हात आमचा म्हातारा मांडी घालून ताठ बसलेला. टॉवेल मांडीवर. डोक्यावरून घाम गळत होता. शेजारी चहाचा कप, त्यावर माशी.

डेअरीवाला माझ्यापुढं हात जोडून आला. "काकू, मी आपला गमतीनं म्हनलो. तात्या पट्टीवरनं आत यायचे, कॅनला शिवायचे आन माघारी जायचे. लोकांचं दूध सांडायला लागलं. म्हनून मी खांद्याला हात लावला, म्हनलो तात्या, बाद! व्हा बाहेर! तर गप गेले आन बसले. तवापासून बसल्यात. पानी न्हाई, चहा न्हाई. सावलीत चला म्हनलं तर नुस्ती मान हलवत्यात."

"वडून का न्हाई नेलं?"

"वडलं की. दोघांनी वडलं. म्हनले, 'न्हाई. नियम.'"

ज्या माणसाला मीठ आठवत नाही त्याला नियम आठवतो. बाद झालेला गडी मैदानाच्या कडेला बसतो, आणि आपल्या बाजूनं समोरचा एक गडी मारल्याशिवाय उठत नाही. इतकी वर्षं कडेला बसून हे मला पाठ झालं होतं.

डेअरीवाल्यानं आधी बिगरनियमाचं करून बघितलं. "तात्या, मी बाद केलेलं मागं घेतलं. उठा."

म्हाताऱ्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू पंच हाय का?"

"न्हाई."

"मग गप."

मग त्याला मी नियम सांगितला. डेअरीवाला म्हणाला, "हात्तिच्या, मीच मारतो एक गडी." पट्टीवरून पळत आला, एका दूधवाल्याला शिवला, माघारी गेला, "उठा तात्या, गडी मारला!" म्हातारा ढिम्म. डेअरीवाला पट्टीच्या पलीकडचा, म्हणजे समोरच्या संघाचा. समोरच्यानं गडी मारल्यावर आपला कसा उठेल? मला हे कळायला हवं होतं. मग मला मोटरसायकलवरून आणणारा दूधवाला आमच्या बाजूनं तयार झाला. त्याच्या तोंडात तंबाखू. "कबड्डी, कबड्डी" करत निम्म्यात गेला आणि पिंक टाकायला थांबला.

"दम तुटला," म्हातारा म्हणाला. "जा घरी."

लोक खो खो हसायला लागले. ऊन चढत होतं. मोबाईल पदरात वाजत होता, मी उचलला नाही. काय सांगणार, अंघोळ डेअरीपुढं चाललीय म्हणून?

तेवढ्यात म्हाताऱ्यानं हात उचलला आणि माझ्याकडं बोट केलं.

"हिला पाठवा," म्हणाला. "ही आमची हाय."

गर्दीतली एक बाई लगेच डोळ्याला पदर लावायला लागली. मी तिला म्हणाले, गप बस, बायको म्हणून नाही ओळखलं त्यानं, गडी म्हणून निवडलंय. संघात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पण निवडलं होतं. मी लुगड्याचा काचा आवळला, पदर कमरेला खोचला, चपला काढल्या. आयुष्यात कधी कबड्डी खेळले नव्हते. आमच्या वेळी पोरींना कोण खेळू देतंय. पट्टीला हात लावला, कपाळाला लावला, जसा हा लावायचा तसा, आणि दम धरला.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

डेअरीवाला भला माणूस. जागचा हलला नाही, उलट हात पुढं करून उभा राहिला. "शिवा काकू, शिवा."

कडेनं म्हातारा गरजला, "खोटं! खोटं खेळत्यात!"

झालं. मग पलीकडच्यांना खरंच पळावं लागलं. डेअरीवाला कॅनमागं गेला, दुसरा टेम्पोमागं, तिसरा हसून हसून खाली बसला, पण मी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर लोळत लांब गेला. मी "कबड्डी, कबड्डी" करत कॅनला वळसा घातला. गुडघे वाजत होते ते मला ऐकू येत होतं. डोळ्यांपुढं काजवे. लोक ओरडत होते, "काकू, डावीकडं! काकू, टेम्पो!" दम संपत आला होता. कबड्डीचं नुसतं 'बड्डी, बड्डी' उरलं होतं.

तेवढ्यात गर्दी बघून एक पांढरी गाडी डेअरीच्या कडुनिंबाखाली येऊन थांबली. रस्त्याच्या बाजूला सगळ्या मोटरसायकली लागलेल्या, म्हणून ती वळसा घालून पलीकडून आली होती. दार उघडलं आणि आमचा पोरगा बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा काढला आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"आई?"

तो पट्टीच्या पलीकडं होता. मी विचार केला नाही. धावत गेले, त्याच्या पोटाला हाताचा पंजा लावला आणि माघारी वळले. पीठ नखांत होतंच, शर्टावर पाची बोटं उमटली. पट्टीपाशी पोचले तेव्हा तोंडातून शब्द नव्हता येत, नुसती वाफ. पण दम तुटला नव्हता. पट्टीवर पाय पडला आणि मी खाली बसले.

आमच्या म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. असली थाप मी कैक वर्षांत ऐकली नव्हती. टॉवेल झटकला, उठला, आपल्या बाजूच्या मैदानात आला आणि चहाचा गार कप माशी बाजूला करून एका दमात पिऊन टाकला.

सगळी डेअरी ओरडली, "बाद! बाद!"

"कोण बाद?" पोरगा म्हणाला. "आई, काय चाललंय हे? तुला धाप लागलीय. तात्या अंघोळ करत होते ना?"

"झाली आंगूळ," मी म्हणाले. बोलता येईना, पण तेवढं बोलले.

"आई, तात्या पुन्हा हरवले होते. खरं सांग."

उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आलीच नाही. म्हातारा पोरापाशी गेला, त्याचा दंड धरला, कडेला नेला आणि जिथं स्वतः बसला होता तिथं बोट केलं. "बस."

"तात्या, मी तुमचा..."

"बाद हाय तू. बस."

पोरगा त्या कडक इस्त्रीत सिमेंटवर बसला. मोठा झाल्यापासून बापाचं त्यानं एका शब्दात ऐकलेलं मी तेव्हाच पाहिलं. दोनदा उठायला बघितलं, दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. शेवटी डेअरीवाल्याला दया आली. म्हणाला, "दादा, तुम्ही आमच्याकडचे. थांबा, तुमाला उठवतो." आणि दम धरून आमच्या बाजूला चढाईला आला.

तेव्हा मात्र मी धाप विसरून उठून उभी राहिले. कारण आमचा म्हातारा डाव्या कोपऱ्यात जाऊन वाकला होता.

"आवं, न्हाई!" मी ओरडले. "डोकं! डोकं जपा!"

कसला ऐकतोय. डेअरीवाला जवळ आला तसा म्हातारा गुडघ्यावर गेला आणि त्यानं दोन्ही हातांनी घोटा धरला. डोकं थेट त्या माणसाच्या दुसऱ्या पायापाशी. पोरगा कडेवरून अर्धा उठला. असं धरलं की माणूस पाय झाडतो, ते त्याच्या हातात नसतं. अंगच झाडतं.

डेअरीवाल्यानं पाय झाडला नाही. घोटा धरल्याबरोबर दगडासारखा उभा राहिला. तोल जात होता, दोन्ही हात हवेत फिरत होते, तरी रिकामा पाय त्यानं जमिनीवरून उचलला नाही. मग तसाच सावकाश बुडावर बसला, कॅनला टेकून, आणि म्हणाला, "सापडलो तात्या. सोडा आता."

इतकी वर्षं लोकांच्या टाचा बसल्या त्या डोक्यात. चुकून बसल्या, कुणी मुद्दाम मारल्या नव्हत्या. पण पाय आवरून धरलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

म्हातारा उठला, कपडे झटकले. गडी पकडला म्हणजे गुण आमचा. पोरगा अजून बादच. तो तिथंच बसून डेअरीवाल्याच्या पायाकडं बघत होता. काही वेळानं म्हातारा त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, "काय पाव्हणं, उन्हात का बसलाय? घरी चला, बायकोनं काहीतरी केलंय." स्वतःचं बाद होणं हा विसरत नाही, दुसऱ्याचं लगेच विसरतो. हे त्याच आजारात बसतं का, ते डॉक्टरांना एकदा विचारायचं आहे.

घरी आलो. वळलेली शेंगोळी तशीच पडली होती, ती शिजवली. पोरानं शर्ट बदलला. जेवायला बसल्यावर म्हणाला, "आई, मी काय म्हणालो होतो?"

"हरवले तर, म्हनला हुतास."

"मग?"

"हरवले कुठं? बसले हुते. सगळ्या गावाला ठावं हुतं कुठं बसल्यात ते. फक्त मला ठावं नव्हतं."

"आई, शब्दात धरू नकोस."

"मग असं इचारते. तुज्या सोसायटीत ह्यांला बाद करणारं कोण हाय? गेटवरनं निघाले तर तुजा वाचमन म्हनंल का, तात्या, बाद, बसा खाली? आन म्हनला तरी उठवायला कोण पळंल? ती सेक्रेटरीबाई?"

पोरानं हातातलं शेंगोळं तोंडात टाकलं. मग हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. म्हातारा त्याच्या पाठीवर थापटत म्हणाला, "शिट्टी जास्त झाली का?"

जेवण झाल्यावर पोरगा एकटाच बाहेर गेला. डेअरीवर गेला, चहावाल्याकडं गेला, एसटीच्या थांब्यावर, पुलाजवळच्या पंक्चरवाल्याकडं. सगळ्यांना सांगून आला की तात्या गावाबाहेर जाताना दिसले की खांद्याला हात लावायचा, बाद म्हणायचं आणि आईला फोन करायचा. बसतील तिथं सावली करायची. आणि घोटा धरला तर पाय हलवायचा नाही. हे शेवटचं त्यानं प्रत्येकाला दोनदा सांगितलं, असं मला चहावाला म्हणाला.

पुण्याचा विषय तेवढ्यावर थांबला. कायमचा थांबलाय असं मी म्हणत नाही, माझेही गुडघे आहेत. पण तारेचं काम संपलं. ती मी दोडक्याच्या वेलाला बांधली. म्हातारा टॉवेल टाकून निघतो, कुणीतरी त्याला बाद करतं, आणि मला फोन येतो. "काकू, तात्या पंक्चरवाल्यापाशी बसल्यात. छत्री धरलीया. या सावकाश." मग मी काचा मारून जाते. तिथं जो कुणी असेल त्याला पळावं लागतं, कारण उभं राहिलेलं म्हाताऱ्याला चालत नाही. पंक्चरवाला लठ्ठ आहे, तो लवकर सापडतो. एसटीची वाट बघणाऱ्या बायका फार चपळ, त्यांच्यामागं माझा जीव जातो. नगरच्या डॉक्टरांनी परवा माझीही छाती तपासली. म्हणाले, "आजी, या वयात दम चांगला आहे हो तुमचा. काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा तपासायच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या पट्टीवर बोटं टेकून, वाकून उभा होता.

"डॉक्टर," मी म्हणाले, "पाय हलवू नका."